मानवाकृति-रेखाटन, छटायुक्त कागदावरील

पांढऱ्याऐवजी करड्या, बदामी, तपकिरी, निळसर वा तत्सम मध्यम छटेच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी केलेले मानवी देहाचे रेखाटन. पांढऱ्या कागदावर कागद हाच सर्वांत उजळ भाग असतो व चित्रकार त्यावर केवळ गडदपणाची भर घालीत जातो. छटायुक्त कागद ही प्रकाश आणि छाया यांच्यामधील पायरी असते. तेथून एका बाजूस छायेकडे व दुसऱ्या बाजूस प्रकाशाकडे जावयाचे असते. म्हणजे पेन्सिल टेकविण्यापूर्वीच देहाच्या पृष्ठभागाचा बराचसा भाग मध्यछटेच्या रूपाने कागदावर सिद्ध असतो. हा कागद कोठे मोकळा राखावयाचा, याचा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो. आणि रंगीत पेन्सिलीची रेघ पूर्णपणे खोडता येत नसल्यामुळे तो निर्णय मागाहून फिरविणे अवघड जाते. म्हणूनच या प्रकारात रेखाटनाचा आरंभ इतर माध्यमांतल्यापेक्षा अधिक निर्णायक ठरतो.

पूर्वेतिहास : छटायुक्त कागदाचा वापर रंगीत पेन्सिलीहून पुष्कळ जुना आहे. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सु. १४०० मध्ये लिहिलेल्या चित्रकलेवरील हस्तपुस्तिकेत कागदाला हिरवा, निळा, तांबूस इ. रंगांचा लेप देण्याच्या कृती सांगितल्या आहेत. त्या काळी रेखाटन बहुधा रौप्यशलाकेने, म्हणजे चांदीच्या टोकदार तारेने, करीत. चांदीची रेघ साध्या कागदावर नीट उमटत नाही. त्यामुळे हाडांची पूड व सरस यांचा लेप कागदाला द्यावाच लागे आणि त्यातच रंग मिसळणे सोयीचे होई. लेओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याने ‘द लास्ट सपर’ या भित्तिचित्रासाठी केलेल्या मस्तकांच्या काही अभ्यासरेखाटनांत तांबूस लेपाच्या कागदावर तांबडाच खडू वापरलेला आढळतो. कागद व खडू एकाच वर्णाचे असल्याने देहाची वळणे त्यात अतिशय मृदूपणे उलगडतात.

व्हेनिसमध्ये निळ्या चिंध्यांपासून बनविलेला निळा कागद प्रचारात होता. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने १५०५–०७ या काळातील तेथील वास्तव्यात त्यावर रेखाटने केली. मायदेशी परतल्यावर १५०८ मध्ये निळ्या लेपाच्या कागदावर कुंचल्याने काढलेले त्याचे ‘प्रार्थनारत हात’ हे रेखाटन जगप्रसिद्ध असून ते व्हिएन्नाच्या आल्बेर्टीना संग्रहालयात आहे. या हातांच्या छायेतील रेषा गडद व उजेडातील रेषा पांढऱ्या असून त्या दोहोंमधील निळा कागद हीच त्वचेची मध्यछटा ठरते. अठराव्या शतकात फ्रेंच चित्रकार आंत्वान व्हातो (१६८४–१७२१) याने काळा, तांबडा व पांढरा असे तीन खडू बदामी कागदावर योजण्याची रीत परिपूर्णतेस नेली. त्याच्यानंतर प्येअर-पॉल प्र्यूदाँ (१७५८–१८२३) याने निळ्या कागदावर काळ्या व पांढऱ्या खडूने केलेले नग्न देहाचे अभ्यास पुढील पिढ्यांना आदर्शभूत ठरले. रंगीत पेन्सिलीने करावयाच्या आजच्या रेखाटनाची मूळ रीत या तीन खडूंच्या परंपरेतूनच आली आहे. चित्रकारांच्या उपयोगाच्या रंगीत पेन्सिली विसाव्या शतकात सर्वत्र प्रसृत झाल्या. जर्मनीतील फाबर-कास्टेल या कंपनीची ‘पॉलिक्रोमॉस’ ही प्रसिद्ध मालिका १९०८ मध्ये निघाली.

भारतात अजिंठ्याची भित्तिचित्रे व पुढील काळातील लघुचित्रे यांत मानवाकृतीची पहिली रेषा पुष्कळदा गेरूने आखलेली आढळते. विष्णुधर्मोत्तरपुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात छायांकनास ‘वर्तना’ अशी संज्ञा असून पत्रजा, ऐरिका व बिंदुजा असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पानावरील शिरांप्रमाणे छेदणाऱ्या रेषांनी, अतिसूक्ष्म रेषांनी आणि बिंदूंनी छाया निर्माण करण्याचे हे प्रकार रंगीत पेन्सिलीच्या तंत्राला जवळचे आहेत. जिवंत व्यक्ती समोर बसवून रेखाटन करण्याची पाश्चात्त्य पद्धती मात्र महाराष्ट्रात मुख्यत्वे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या (स्थापना १८५७) द्वारा रुजली. तेथे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत, १९१९ च्या सुमारास, जिवंत मॉडेलवरून नग्नाकृतीचा अभ्यास करण्याचा वर्ग सुरू झाला.

कागद व पेन्सिली : कागदाची छटा फार गडद वा फार फिकी असू नये. पांढऱ्या व काळ्या पेन्सिलींचे दोन ठिपके कागदावर शेजारी-शेजारी काढून पाहावेत. दोन्ही सारख्याच ठसठशीतपणे उठून दिसले, तर कागद मध्यछटेचा आहे असे समजावे. पांढरा ठिपका जेमतेम दिसत असल्यास उजेड दाखविण्यास वाव उरत नाही आणि काळा बुडून जात असल्यास छायेला खोली येत नाही. कागदाला बारीक पोत असावा, कारण पेन्सिलीचा रंग त्या पोताच्या उंचवट्यांवरच धरतो. गुळगुळीत कागदावर दोन-तीन थरांनंतर रंग बसेनासा होतो, तर फार खरबरीत कागदावर मुखावयवांसारखे बारकावे साधत नाहीत.

कागदाचा वर्णही विचारपूर्वक निवडावा लागतो. एखादा रंग आपल्या शेजारच्या रंगामुळे बदललेला भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्ह्रल याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर दाखवून दिले. निळसर करड्या कागदावर गेरूची रेघ आहे त्याहून अधिक उष्ण दिसते, तर बदामी कागदावर तीच निवळल्यासारखी वाटते. गव्हाळ वा सावळ्या वर्णाच्या मॉडेलसाठी तपकिरी वा बदामी कागद घेतल्यास कागद आणि त्वचेची मध्यछटा जवळजवळ जुळतात व फार थोड्या रेषांत काम होते. करडा कागद घेतल्यास त्वचेचा उष्ण वर्ण पेन्सिलीनेच आणावा लागतो. पण छायेतील थंड छटा कागदाकडून आपोआप मिळतात.

रंगीत पेन्सिलीची कांडी रंगद्रव्य, मेण किंवा तेल, चिकटद्रव्य आणि केओलीन वा संगजिरे यांसारखे पूरक द्रव्य मिळून बनते. शिसपेन्सिलीची कांडी भट्टीत भाजतात, तशी ही भाजत नाहीत. मेणामुळे रंग कागदाला चिकटून बसतो. खोडरबराने तो फिका होतो, पण नाहीसा होत नाही. जोराने घासल्यास पोत चेपला जाऊन तेथे नवा रंग धरत नाही. मेणयुक्त पांढरी पेन्सिल खडूइतकी अपारदर्शकही नसते. गडद रंगावर ती फिरविली असता खालचा रंग झाकला न जाता एक मळकट करडी छटा निर्माण होते. माध्यमाच्या या दोन मर्यादांवरूनच पुढील कार्यक्रम ठरतो : आरंभीची रेषा हलकी ठेवावयाची आणि पांढरा रंग शेवटी, स्वच्छ कागदावरच लावावयाचा.

आरंभासाठी चार पेन्सिली पुरेशा होतात : कागदाच्याच वर्णाची पण किंचित गडद अशी एक, गेरूसारखी तांबूस तपकिरी एक, गडद तपकिरी वा गडद निळी एक आणि पांढरी एक. प्राथमिक आखणीसाठी शिसपेन्सिल वापरणे इष्ट नाही. ग्रॅफाइटचे कण मेणाच्या थरात अडकतात व वरचा रंग, विशेषतः पांढरा, मळवून टाकतात.

प्रकाश व मॉडेल : प्रकाश एकाच बाजूने व काहीसा वरून येणारा असावा. उत्तरेकडील उंच खिडकीचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून चित्रशाळांतून त्यास प्राधान्य देत आले आहेत. दोन बाजूंनी प्रकाश आल्यास छायेची सीमा अस्पष्ट होते आणि कागद कोठे राखावा हे कळेनासे होते. मॉडेलला ठराविक वेळाने विश्रांती द्यावी लागते. त्यापूर्वी पाय, हात व आसन यांच्या जागा खडूने आखून ठेवल्यास तीच बैठक पुन्हा घेता येते. ड्रॉइंग बोर्ड शक्य तितका उभा धरावा. तो आडवा असल्यास कागदाचा वरचा भाग दूर जाऊन आकृतीचे मस्तक नकळत मोठे काढले जाते.

आकृतीची मांडणी : प्रथम आकृतीची सर्वांत वरची व सर्वांत खालची मर्यादा दोन बारीक खुणांनी दाखवावी व त्यांच्यामधला मध्यबिंदू घ्यावा. उभ्या प्रौढ देहाची उंची साधारणपणे साडेसात मस्तकांइतकी असून तिचा मध्य जघनास्थीच्या आसपास येतो. अशी प्रमाणे ताडा पाहण्यापुरतीच वापरावीत. समोरची व्यक्ती नेहमी त्यांहून थोडी निराळी असते. बसलेल्या वा वाकलेल्या देहात तर स्थितिजन्य लघुतेमुळे, म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने आलेला अवयव आखूड दिसत असल्यामुळे, ही प्रमाणे लागूच पडत नाहीत. तेथे हात ताठ लांबवून पेन्सिलीने मापे घेणे आणि एका अवयवाची लांबी दुसऱ्याशी पडताळणे, हाच मार्ग उरतो.

यानंतर देहाचा तोल शोधावा. ओळंब्याची कल्पना करून मानेच्या खळगीतून खाली लंबरेषा सोडली, तर एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या व्यक्तीत ती भार घेणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ येते. त्या बाजूची कटी वर उचललेली व खांदा खाली झुकलेला असतो. म्हणजे खांद्यांची व कटीची रेषा परस्परविरुद्ध दिशांना कलतात. या दोन तिरप्या रेषा व त्यांना जोडणारे पाठीच्या कण्याचे वळण एवढ्यातच आकृतीचा जिवंतपणा सामावलेला असतो. ते वळण साधले नसेल, तर मागाहून कितीही कुशलतेने छायांकन केले तरी आकृती पडेल अशीच वाटते. हे सर्व कागदाच्या वर्णाच्या पेन्सिलीने, ती टोकापासून दूर सैल धरून, दिसेल न दिसेल अशा रेषांनी करावे. चुकलेली रेषा खोडण्याऐवजी तिच्याशेजारी दुसरी रेषा काढावी. हलक्या रेषा पुढे छायेत मिसळून जातात. डोळे, बोटे, केसांच्या बटा यांकडे या टप्प्यावर वळू नये.

छायेची सीमा : मांडणी सिद्ध झाल्यावर डोळे किंचित मिटून मॉडेलकडे पाहावे. बारीकसारीक फरक लोपतात आणि देह उजेड व छाया अशा दोनच भागांत विभागलेला दिसतो. या दोहोंमधील सीमारेषा तांबूस तपकिरी पेन्सिलीने बाह्यरेषेइतक्याच काळजीने आखावी. ती अवयवाच्या घडणीप्रमाणे चालते : गालाच्या उंचवट्यावरून व हनुवटीखालून वळते, बरगड्यांच्या पिंजऱ्यावरून गोलाईने उतरते, गुडघ्याच्या वाटीवर काटकोनात मोडते. बाह्यरेषा देहाचा केवळ कडेचा आकार सांगते. छायेची सीमा त्याची घनता सांगते.

आता छायेचा सर्व भाग एकाच हलक्या छटेने, समांतर रेषांनी भरावा. पेन्सिलीला सतत टोक काढीत राहावे व दाब सारखा ठेवावा. गडदपणा दाबाने न आणता रेषांच्या थरांनी आणावा, कारण जोराच्या दाबाने मेण कागदावर चकाकते व पोत बुजतो. गोलाईच्या अवयवांवर रेषा त्या गोलाईला वळसा घालून न्याव्यात. छायेच्या आतही सर्वांत गडद पट्टा बहुधा सीमेलगत असतो. त्यापलीकडे जमीन, भिंत वा वस्त्र यांवरून उसळलेला परावर्तित प्रकाश छायेला थोडी उजळ करतो. हा परावर्तित प्रकाश उजेडातील भागाइतका उजळ कधीही दाखवू नये. तसे झाल्यास छाया फुटते व अवयव पोकळ भासतो.

उदाहरणादाखल, डावीकडील खिडकीच्या उजेडात थोडे वळून बसलेले सावळ्या वर्णाचे मॉडेल व तपकिरी कागद घेऊ. उजवा गाल, मानेची उजवी बाजू, छातीचा अर्धा भाग व मांडीखालचा भाग छायेत जाईल. तो प्रथम गेरूसारख्या रंगाने व नंतर त्यावरून गडद निळ्याने हलकेच भरला असता काळ्या पेन्सिलीशिवायही सखोल छाया मिळते. नुसत्या काळ्या रंगाने त्वचा निर्जीव दिसू लागते. कपाळाचा उतार, डावा गाल व दंड यांचा बराचसा भाग म्हणजे निव्वळ कागद. तेथे काहीही करावयाचे नाही.

पांढऱ्या रंगाची योजना : नवशिक्याच्या हातून सर्वाधिक रेखाटने या टप्प्यावर बिघडतात. पांढरी पेन्सिल गडद कागदावर त्वरित परिणाम दाखविते, त्यामुळे उजेडातील सर्व भाग तिने भरून काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास मध्यछटा नष्ट होते. पीठ फासल्यासारखा देह दिसतो आणि छटायुक्त कागद घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. पांढऱ्या रंगासाठी प्रकाशाच्या दिशेला सर्वांत सरळ सामोरी असलेली मोजकी स्थळे निवडावीत : कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, गळपट्टीचे हाड, खांद्याचा माथा, गुडघा. त्यांतही सर्वांत तेजस्वी स्थळ एकच असावे व बाकीची त्याच्या मानाने मंद ठेवावीत. सावळ्या त्वचेवरील चमक लहान, तीव्र कडांची व खिडकीच्या उजेडात किंचित निळसर असते. गोऱ्या त्वचेवर ती अधिक पसरट व मंद असते. म्हणून सावळ्या वर्णासाठी शुद्ध पांढऱ्याऐवजी फिका निळसर करडा आणि त्याभोवती पिवडीचा हलका थर योजणे उपयुक्त ठरते.

पांढरा व गडद हे रंग एकमेकांना भिडू देऊ नयेत. त्यांच्यामध्ये मोकळ्या कागदाचा पट्टा राहिलाच पाहिजे. तो अरुंद असेल तेथे वळण तीव्र आणि रुंद असेल तेथे मृदू भासते. अशा रीतीने कागदाच्या पट्ट्याची रुंदी कमीजास्त करणे हेच या प्रकारातील गोलाई दाखविण्याचे मुख्य साधन आहे. कामास लागण्यापूर्वी कागदाच्या कडेला पाच चौकोनांची एक पट्टी काढून ठेवणे हितावह असते : मधला चौकोन कोरा, एका बाजूस दोन चौकोन क्रमाने गडद व दुसऱ्या बाजूस दोन क्रमाने उजळ. देहावरील प्रत्येक भाग यांपैकी कोणत्या पायरीचा आहे, असा प्रश्न विचारीत गेल्यास मध्यछटेवर अकारण आक्रमण होत नाही. मुखावयव, केस व बोटांचे बारकावे यांना हात घालावयाचा तो यानंतरच. येथपर्यंतचे काम बरोबर असल्यास डोळ्यांच्या खोबणीतील छाया व पापणीची एक रेघ एवढ्यावरही चेहरा ओळखू येतो.

टिकाऊपणा : कागद हीच चित्राची एक छटा असल्यामुळे तो विटला, तर केवळ चित्राचा आधार नव्हे, तर चित्रच बदलते. प्र्यूदाँच्या रेखाटनांचे अनेक निळे कागद प्रकाशामुळे फिके पडून करडे वा तपकिरी झाले आहेत. मूळ निळ्याच्या अपेक्षेने योजलेले काळे-पांढरे प्रमाण आज त्यांत तसेच्या तसे दिसत नाही. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन असते. ते उजेड व हवा यांच्या परिणामाने पिवळे-तपकिरी होते आणि फिका करडा कागद काही वर्षांतच मळकट दिसू लागतो. जपून ठेवावयाच्या कामासाठी कापसाच्या तंतूंचा वा आम्लविरहित लगद्याचा, पक्क्या रंगद्रव्याने रंगविलेला कागद घ्यावा. रंगीत पेन्सिलींतही काही गुलाबी व जांभळे रंग उजेडात लवकर उडतात. त्यांची निवड करताना उत्पादकाने दिलेली प्रकाश-स्थिरतेची खूण पाहावी. मेणाचे दाट थर दिलेल्या गडद भागांवर काही आठवड्यांनी पांढुरकी साय येते. ती मऊ कापडाने हलकेच पुसता येते आणि फवारून द्यावयाच्या संरक्षक लेपाचे पातळ थर दिल्यास सहसा पुन्हा येत नाही. या लेपामुळे कागद मात्र किंचित गडद होतो, म्हणून तो आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर अजमावावा. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत रेखाटन भिंतीला टेकवून न ठेवता, मागून हवा खेळेल अशा चौकटीत, काच व कागद यांच्यामध्ये अंतर राखून लावावे. कारण ओल धरलेल्या कागदावर बुरशीचे डाग पडतात व ते प्रथम मोकळ्या राखलेल्या मध्यछटेवरच नजरेस येतात.